दादा, हे मैदान सरकारी आहे

ती. दादास,


परवा फोनवर तू म्हणालास, "काय गं बेबी, म्हातारपणी भांडवलदारांचा खेळ खेळायला लागलीस म्हणे!" मागून वहिनी हसल्याचं मला ऐकू आलं. तेव्हा मी विषय बदलला, कारण फोनवर तुझ्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचं माझ्या ऐकिवात नाही. एस. टी. च्या गेटसभा गाजवलेला माणूस तू. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं उत्तर तयार असतं. म्हणून लिहायला बसले. पत्रात तुला मधेच बोलता येत नाही, ही त्यातली खरी सोय.

तुझा राग कुठून आला ते मला ठाऊक आहे. लहानपणी आपल्या शाळेच्या वाटेवर एका क्लबची लांबच लांब भिंत होती. आत एवढी हिरवळ आणि बाहेर आपण चौघं भावंडं दीड खोलीत. गल्लीतली दोन पोरं तिथं साहेबांच्या पिशव्या उचलायला जायची आणि संध्याकाळी पैसे मोजत परत यायची. तो हिशेब तू अजून मिटवलेला नाहीस. मिटवू नकोसही. आपल्याकडे गोल्फ आला तोच साहेबाबरोबर. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यांत जुना. त्याच क्लबात गवत राखणाऱ्याचा मुलगा, एस. एस. पी. चौरसिया, पुढे इंडियन ओपन लागोपाठ दोनदा जिंकला, २०१६ आणि २०१७ साली. पण त्याला खेळ शिकायला मिळाला तो बाप तिथं नोकरीला होता म्हणून. भिंतीबाहेरच्या पोराला ती वाट नव्हती. इथवर मी तुझ्या बाजूची आहे.

आता माझी बाजू. मी खेळते ते मैदान क्लबाचं नाही, सरकारचं आहे. न्यूयॉर्क राज्याचं उद्यान आहे ते, बेथपेज स्टेट पार्क. हिक्सव्हिलमधल्या आमच्या घरापासून गाडीनं अगदी जवळ. तू इथं आला होतास तेव्हा ज्या रस्त्यावर डोशाचं हॉटेल, सोन्याचं दुकान आणि साडीची दुकानं बघून "मी अमेरिकेत आलोय का उल्हासनगरला?" म्हणाला होतास, ते हिक्सव्हिल. तिथून थोडं पुढं गेलं की हे उद्यान लागतं. सायकलच्या वाटा आहेत, सहलीची बाकडी आहेत, आणि पाच गोल्फ कोर्स आहेत, म्हणजे नव्वद होल. त्यांना नावं दिलीत रंगांची: काळा, लाल, निळा, हिरवा, पिवळा. सदस्यत्व नाही, शिफारस नाही, कोणाच्या ओळखीनं आत जायची भानगड नाही. राज्यात राहत असल्याचा पुरावा दाखवायचा आणि स्वस्तात खेळायचं. परराज्यातल्यांना जास्त पैसे पडतात. बासष्ट वर्षं पूर्ण झाली की आठवड्याच्या मधल्या दिवशी आणखी सूट. ती मी घेते. हक्काची सवलत सोडायची नाही हे तूच शिकवलंस.

हे मैदान झालं कसं ते ऐक, हे तुझ्या आवडीचं आहे. ही जमीन बेंजामिन योकम नावाच्या रेल्वेतल्या एका बड्या माणसाची. १९२३ साली त्यावर एक खाजगी गोल्फ क्लब झाला. मग महामंदी आली. लाखो लोक बेकार झाले. रॉबर्ट मोझेस नावाचा एक जबरदस्त सरकारी अधिकारी होता, त्यानं ती सगळी इस्टेट सार्वजनिक उद्यानासाठी ताब्यात घेतली आणि सरकारी मदतकार्यावरच्या बेकारांच्या हातून तिथं कोर्स खोदून घेतले. लाल आणि निळा १९३५ साली उघडले, काळा १९३६ साली. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या मामांच्या गावात लोकांनी सुकडी खाऊन पाझर तलाव खोदला होता, आठवतं? इथं त्याच कारणासाठी वाळूचे खड्डे खोदले. पोटाला काम हवं होतं. मागं काय उरलं ते वेगळं, एवढाच फरक. जुन्या खाजगी क्लबाचं मैदानही टाकून दिलं नाही. डागडुजी करून सगळ्यांना खुलं केलं. तोच आताचा हिरवा कोर्स, आणि मी बहुतेक तिथंच खेळते.

काळ्या कोर्सचा आराखडा कोणी केला यावर इथं अजून भांडण आहे. पुस्तकांत नाव असतं ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट या त्या काळच्या नामांकित आरेखनकाराचं. उद्यानाचे अधीक्षक जोसेफ बर्बेक यांच्या घरच्यांचं म्हणणं असं की काम त्यांनी केलं आणि नाव दुसऱ्याचं झालं. तू न वाचताच कुणाच्या बाजूनं उभा राहशील ते सांगायला नको.

काळा कोर्स मी खेळत नाही. त्याच्या पहिल्या टी जवळच, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथंच, पाटी लावली आहे की हा कोर्स अतिशय अवघड आहे, फक्त चांगल्या कसलेल्या खेळाडूंनीच इकडे यावं. सरकारी उद्यानात लोकांना असं बजावणारी पाटी मी दुसरीकडे पाहिली नाही. गंमत म्हणजे लोक त्या पाटीपाशी फोटो काढतात आणि खेळायला जातात. तिथं गोल्फची छोटी गाडी मिळत नाही, सगळं पायी. रात्रभर पार्किंगमध्ये गाडीत झोपून सकाळचा नंबर लावणारे असतात. तू गणपतीत गावी जायच्या तिकिटासाठी खिडकीपुढं रात्र काढलीस त्यातलाच प्रकार, फक्त इथं शेवटी घाम काढून, हरून परत यायचं असतं. २००२ साली याच कोर्सवर यू. एस. ओपन झाली. सरकारच्या मालकीच्या आणि सरकारनंच चालवलेल्या कोर्सवर ती स्पर्धा प्रथमच होत होती. अख्ख्या स्पर्धेत पारच्या, म्हणजे ठरलेल्या फटक्यांच्या, खाली एकटा टायगर वुड्स राहिला. एरवी त्याच गवतावर मंगळवारी सकाळी एखादा प्लंबर खेळत असतो.

आता हिरव्यावरची एक फेरी सांगते, म्हणजे भांडवलदार कसे दिसतात ते तुला कळेल.

मी एकटी जाते. तुझ्या मेहुण्यांना त्यात रस नाही. त्यांच्या मते चालायचं तर सरळ चालावं, मधे थांबून जमिनीला मारू नये. एकटं गेलं की स्टार्टर, म्हणजे पहिल्या टी जवळ बसलेला माणूस, तुम्हाला तिघांत जोडून देतो. कोण मिळेल हे आपल्या हातात नसतं. एस. टी. च्या सीटसारखं. त्या दिवशी मला मिळाले ते असे: एक इलेक्ट्रिशियन, पन्नाशीचा, डोक्यावर युनियनची टोपी. एक कोरियन आजी, सत्तरीच्या पुढच्या, डोळ्यांपर्यंत खाली ओढलेली छज्ज्याची टोपी आणि हातांत लांब पांढऱ्या बाह्या. आणि एक शाळकरी मुलगा, हायस्कूलच्या टीममध्ये निवड व्हावी म्हणून धडपडणारा. चौघांपैकी कोणाची कोणाशी ओळख नाही. पुढचे साडेचार तास बरोबर चालायचं. लिफ्टमध्येही शेजाऱ्याकडे न बघणाऱ्या या देशात हे किती नवलाचं आहे, ते इथं पस्तीस वर्षं काढल्यावरच कळतं.

इलेक्ट्रिशियननं ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, असा फिरवला की वाऱ्याचा आवाज आला. चेंडू लांब गेला, आणि मग उजवीकडे वळून ओकच्या झाडांत शिरला. मुलाचाही तिकडेच. आजींनी काहीही अवसान न आणता छोटासा, सरळ फटका मारला. मग दुसरा तेवढाच, तेवढाच सरळ. मग तिसरा. आम्ही दोघा पुरुषांचे चेंडू पानांत शोधत होतो तोवर आजी होलपाशी ग्रीनवर पोचून पटर, म्हणजे चेंडू होलात ढकलायची काठी, काढून उभ्या. (शोधायला तीन मिनिटं मिळतात. पूर्वी पाच होती, २०१९ पासून नियम बदलला. मला तीन पुरतात. हरवलेल्या वस्तूमागं किती वेळ घालवायचा याचा नियम घरातही असायला हवा.) अठरा होल होईपर्यंत आजींनी आम्हा तिघांना हरवलं होतं. इंग्रजी त्या दोनच शब्द बोलल्या, "गुड" आणि "सॉरी". "सॉरी" प्रत्येक वेळी आमच्या चेंडूसाठी.

मला त्या फेरीत सगळ्यांत जास्त काय बघत राहावंसं वाटलं, सांगते. ग्रीन म्हणजे होलच्या भोवतालचं बारीक कापलेलं गवत. त्यावर चेंडू उंचावरून पडला की रुपयाएवढा खळगा पडतो. तो ज्याचा त्यानं बुजवायचा. इलेक्ट्रिशियननं खिशातून दोन दातांचं एक छोटं हत्यार काढलं, गुडघा टेकला. दात खळग्याच्या कडेला खुपसून तो कडा मध्याकडे ढकलत गेला, चारी बाजूंनी, सावकाश. खालून वर उचकटायचं नसतं. त्यानं मुळं तुटतात आणि तिथं तपकिरी डाग राहतो. मग पटरचा तळ वर दाबून जागा सपाट केली. ती दिसेनाशी झाल्यावर त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आणि आधीच्या कोणीतरी न बुजवलेले आणखी दोन खळगे तसेच बुजवले. मुलगा नुसता बघत होता. त्याला तो म्हणाला, "हे आपलंच आहे ना." पुढच्या ग्रीनवर मुलगा आधी वाकला. एवढी वर्षं इथं सार्वजनिक मालमत्तेवर भाषणं ऐकली, पण ऐकलेलं सगळ्यांत बरं वाक्य हे.

तुझ्याबद्दल मी त्याला सांगितलं. भाऊ युनियनवाला होता म्हटल्यावर त्यानं चालता चालता थांबून पुन्हा हात मिळवला. मग पेन्शन, गुडघे, घराचा मालमत्ता कर हे सगळं झालं. माझ्या पिशवीत गूळपोळ्या होत्या. मुलानं दोन खाल्ल्या, आजींनी वास घेऊन अर्धी घेतली आणि मला सोललेली संत्री दिली. कुणी कुणाचं आडनाव विचारलं नाही. पंच नसतो, आपले फटके आपण मोजायचे. मुलानं एका होलवर झाडात दोनदा नुसतीच काठी फिरवली होती, कोणी पाहिलं नव्हतं. त्यानं आपणहून आठ सांगितले. बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, निघाल्यावर दाताळ्यानं वाळू सारखी करायची, हेही ज्याचं त्यानं. बरेच जण करत नाहीत. सार्वजनिक ठिकाण आहे, सगळे चांगलेच असतात असं मी म्हणत नाही. पुढच्या चौकडीनं प्रत्येक टी वर आम्हाला दहा-दहा मिनिटं उभं केलं, आणि कॅनडा गीझ पक्ष्यांनी फेअरवेवर जो प्रसाद ठेवलेला असतो तो पिशवीच्या चाकांतून खरवडायला घरी अर्धा तास गेला.

आता तू काढशील त्या मुद्द्यांकडे. तू म्हणशील, सरकारी म्हणजे सगळ्यांचं असं नसतं. हे मात्र खरं आहे. ज्या मोझेसनं हे उद्यान केलं, त्याच्यावर रॉबर्ट कॅरो या पत्रकारानं १९७४ साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात असा आरोप आहे की लाँग आयलंडच्या, म्हणजे आमच्या या बेटाच्या, उद्यानांकडे येणाऱ्या रस्त्यांवरचे पूल मुद्दाम बुटके बांधले, म्हणजे बसगाड्या खालून जाणार नाहीत आणि बसनं येणारे गरीब आणि काळे लोक दूर राहतील. यावर अभ्यासकांत वाद आहे. पूल बुटके आहेत, याला मात्र पुरावा लागत नाही, रोज त्याखालूनच जातो. उद्यान सगळ्यांचं, पण यायला मोटार हवी. आजही बरंचसं तसंच आहे. आणि गोल्फच्या व्यावसायिक संघटनेच्या घटनेत सदस्य गोराच असावा असं कलम होतं, ते १९६१ साली काढलं. त्याच संघटनेची स्पर्धा २०१९ साली इथं काळ्या कोर्सवर झाली.

पण त्याआधीची एक गोष्टही याच बेटावरची आहे. १८९६ साली शिनेकॉक हिल्स इथं दुसरी यू. एस. ओपन झाली. तिथं जॉन शिपेन नावाचा सोळा वर्षांचा मुलगा खेळायला उतरला. बाप काळा, मुलगा त्याच मैदानावर पिशव्या उचलत खेळ शिकलेला. त्याच्याबरोबर शिनेकॉक जमातीचा ऑस्कर बन. विलायतेहून आलेल्या खेळाडूंनी कुरकुर केली की हे दोघं असतील तर आम्ही खेळणार नाही. ती स्पर्धा भरवणाऱ्या अमेरिकेच्या गोल्फ संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हॅवमेयर यांनी उत्तर दिलं की मग हे दोघंच खेळतील. सगळे निमूट खेळले. गल्लीतल्या त्या दोन पोरांना असा एखादा हॅवमेयर भेटला असता तर, असं माझ्या मनात येतं. पण अध्यक्ष चांगला निघण्यावर भिस्त ठेवायची, हे तुला पटणार नाही. मलाही नाही. म्हणून मी सरकारी मैदानाच्या बाजूची. न्यूयॉर्क शहरानं ब्रॉंक्समधल्या व्हॅन कॉर्टलँड पार्कात १८९५ सालीच असं मैदान सुरू केलं होतं, देशातलं पहिलं.

तुझा दुसरा मुद्दा पाण्याचा आणि औषधांचा. यावर मी तुझं पूर्ण समाधान करू शकत नाही. लाँग आयलंडवर आम्ही पितो ते सगळं पाणी पायाखालच्या भूजलातून येतं. वरून खत-औषध टाकलं की ते कधीतरी आमच्याच नळात येणार. बेथपेजचं भूजल याआधीच नासलंय, गोल्फनं नव्हे, तिथल्या विमान कारखान्याच्या आणि नौदलाच्या रसायनांनी. (त्याच कारखान्यात चंद्रावर उतरलेलं यान बांधलं होतं. १९७१ साली अपोलो १४ मधून ॲलन शेपर्ड असाच बेथपेजला बांधलेल्या यानातून उतरला, आणि दगडमाती गोळा करायच्या दांड्याला गोल्फच्या काठीचं डोकं लावून त्यानं दोन चेंडू मारले. मैलोन्मैल गेला म्हणाला. नंतर छायाचित्रांवरून मोजलं तर लांब गेलेला चाळीस यार्डच भरला. गोल्फर कुठंही गेला तरी गोल्फरच.) तर औषधांचं म्हणशील, हिरव्या कोर्सवरच कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी कित्येक वर्षं प्रयोग केले. काही ग्रीन नेहमीच्या फवारणीवर, काही कमीत कमी औषधांवर, काही रासायनिक औषधांशिवाय. कमी औषधांवरचे चांगले तगले. औषधांशिवायच्यांना उन्हाळ्यात सोसलं नाही. म्हणजे औषध बरंच कमी करता येतं, शून्य करणं अवघड. हे खाजगी क्लबात झालं असतं तर आकडे कपाटात गेले असते. सरकारी मैदान होतं म्हणून उघड्यावर आले. शेतीसंस्थेच्या प्लॉटवर खेळायला मिळतं असं समज.

एक तक्रार माझीही आहे. २०२५ च्या सप्टेंबरात इथं रायडर कप झाला, अमेरिका विरुद्ध युरोप. एका दिवसाचं तिकीट ७५० डॉलर. आमच्या मैदानाभोवती मंडप, कुंपणं, स्टँड. आणि गर्दीनं युरोपच्या खेळाडूंना, त्यातही रोरी मॅकिलरॉयला, ज्या शिव्या दिल्या त्या आपल्या गल्लीतही चालल्या नसत्या. युरोप १५-१३ नं जिंकला. मला बरं वाटलं. देशाशी बेइमानी म्हण हवं तर. पुढं कुंपणं निघाली आणि इलेक्ट्रिशियन लोक परतले.

आता तुझ्याकडे काम आहे. तुझ्या घरापासून पांडवकड्याकडे जाताना सिडकोचा गोल्फ कोर्स लागतो, खारघर व्हॅलीचा. सकाळी फिरायला जातोस तेव्हा त्याच्याकडे बघून नाक मुरडतोस, असं वहिनी सांगतात. तोही सार्वजनिक संस्थेचाच आहे, तुझ्या-माझ्या पैशातला. नाक मुरडण्यापेक्षा आत जा. फी काय आहे विचार. ज्येष्ठांना सवलत आहे का, आठवड्याच्या मधल्या दिवशी स्वस्त आहे का, आसपासच्या गावांतल्या आणि पाड्यांवरच्या पोरांना शिकायला मिळतं का, भाड्यानं काठ्या मिळतात का, झाडाझुडपांना पाणी कुठलं घालतात, हे सगळं विचार. कोणी धड सांगितलं नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. तुझा हात त्यात चांगला बसलेला आहे. उत्तर असमाधानकारक आलं तर खुशाल आंदोलन कर, मी इथून वर्गणी पाठवते. पण मागणी मैदान बंद करा अशी करू नकोस. गेट उघडा, अशी कर.

आणि त्याआधी एक फेरी खेळून ये. बूट साधे चालतील.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तीस दिवसांत उत्तर आलं की मला त्याची प्रत पाठव.

तुझी,
बेबी
हिक्सव्हिल, न्यूयॉर्क